हायवे पेट्रोलच्या जुन्या गाड्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाड्यांच्या रॅलीत रोल्स रॉइसभोवती गर्दी होते ती फोटो काढायला. पण एखादी काळी-पांढरी, टपावर लाल दिवा असलेली जुनी फोर्ड किंवा ब्युइक उभी असली की तिच्याभोवती जमणारे लोक प्रश्न विचारतात. ही खरंच पोलिसांची होती का? किती पळायची? चोर हिच्या हाती लागायचे का? तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. बहुतेक माहिती अमेरिकेची आहे, कारण ‘हायवे पेट्रोल’ (इथे पेट्रोल म्हणजे इंधन नव्हे, गस्त), म्हणजे हायवेसाठी वेगळं पोलीस दल आणि त्याच्या गस्तीच्या गाड्या, हा प्रकार तिथे वाढला. काळ साधारण १९२० ते १९५५.

‘विंटेज’ म्हणजे नेमक्या कोणत्या सालच्या गाड्या?

जाणकार मंडळी १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांनाच विंटेज म्हणतात आणि त्यानंतरच्या गाडीला कोणी विंटेज म्हटलं की नाक मुरडतात. आपल्या सरकारी नियमात मात्र पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज ठरते. इथे मी शब्द सैलसर वापरला आहे. नाहीतर १९५५ ची ब्युइक बाहेर ठेवावी लागेल, आणि तिला वगळून हा विषय सांगणं म्हणजे वऱ्हाड आलं आणि नवरदेव घरीच राहिला, तसं होईल.

पोलिसांची पहिली मोटारगाडी कोणती?

ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहराची, १८९९ सालची. आणि ती विजेवर चालणारी होती! आज इलेक्ट्रिक गाडीचं कौतुक करणाऱ्यांना हे सांगितलं की पटत नाही. शहराच्या यंत्रविभागातल्या फ्रँक लूमिस यांनी आराखडा केला, खर्च आला २,४०० डॉलर, वेग ताशी १६ मैल, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर. तिची पहिली कामगिरी होती रस्त्यावर झिंगलेल्या एका माणसाला उचलून आणण्याची. पुढच्याच वर्षी शहरात दंगल झाली आणि जमावाने ही गाडी ढकलत नेऊन कालव्यात टाकली.

ती शहरातली गाडी होती, आरोपी वाहून नेणारी. हायवेवर गस्त घालायचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता, कारण हायवेच नव्हते.

हायवेसाठी वेगळे पोलीस कशाला लागले?

१९२० साली अमेरिकेत ८० लाखांच्या आसपास मोटारी नोंदलेल्या होत्या. १९३० पर्यंत तो आकडा २ कोटी ३० लाखांवर गेला. १९२६ मध्ये देशभरच्या रस्त्यांना क्रमांक मिळाले आणि गाव ओलांडून, जिल्हा ओलांडून, राज्य ओलांडून माणसं फिरू लागली. पोलीस मात्र गावचेच राहिले. शहराच्या पोलिसाची सत्ता शहराच्या हद्दीपर्यंत, शेरीफची, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाची, त्याच्या काउंटीपर्यंत, म्हणजे जिल्ह्यापर्यंत. मधल्या मोकळ्या रस्त्यावर अपघात झाला, कोणी दारू पिऊन ट्रक चालवला, कोणी लुटलं, तर धाव कोणाकडे घ्यायची?

म्हणून राज्यांनी स्वतःची दलं काढली. पेनसिल्व्हेनियाने १९२३ मध्ये, कॅलिफोर्नियाने १४ ऑगस्ट १९२९ ला, मिझुरीने १९३१ मध्ये, ओहायोने १९३३ मध्ये. टेक्सासची गोष्ट गमतीची आहे. तिथे १९२७ साली मोटारसायकलवरच्या मूठभर निरीक्षकांना नेमलं ते लायसन्स तपासायला आणि ट्रकचं वजन बघायला. आपल्याकडच्या आरटीओच्या भरारी पथकासारखंच. त्यांचंच पुढे हायवे पेट्रोल झालं.

सुरुवातीला मोटारसायकली होत्या की गाड्या?

बहुतेक ठिकाणी मोटारसायकली. स्वस्त, चपळ आणि तेव्हाच्या साध्या मोटारीपेक्षा वेगवान. फोर्ड मॉडेल टी ताशी ४०-४५ मैलांच्या वर जात नसे, तिला पकडायला हार्ले किंवा इंडियन पुरेशी होती. पण मोटारसायकलवरून पकडलेल्या माणसाला न्यायचं कशात? अपघातातल्या जखमीला झोपवायचं कुठे? पाऊस, बर्फ, चिखल सगळं अंगावर. आणि पोलीस पूर्ण उघडा.

या शेवटच्या गोष्टीची किंमत टेक्सासने मोजली. १ एप्रिल १९३४ ला, ईस्टरच्या रविवारी, ग्रेपव्हाइन गावाजवळ रस्त्याकडेला एक फोर्ड व्ही-८ उभी होती. दोन मोटारसायकलस्वार पेट्रोलमन तिच्याकडे वळले. गाडी बंद पडली असावी, मदत करू, असं त्यांना वाटलं असावं. ती कुख्यात दरोडेखोर क्लाइड बॅरोच्या टोळीची गाडी होती. दोघेही जागीच मारले गेले.

मग कोणत्या गाड्या घेतल्या? खास बनवून घेतल्या का?

इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. लोकांना वाटतं पोलिसांची गाडी म्हणजे काहीतरी कारखान्यातूनच वेगळी निघालेली वाघीण. प्रत्यक्षात ती शेजारच्या किराणा दुकानदाराकडे असायची तीच गाडी होती. टेंडर निघायचं, ज्याची बोली कमी त्याची गाडी यायची. सरकारी खरेदी सगळीकडे सारखीच.

मिझुरीचं उदाहरण घ्या. १९३१ मध्ये दल उभं राहिलं तेव्हा त्यांनी ३६ फोर्ड मॉडेल ए रोडस्टर, म्हणजे उघड्या छोट्या गाड्या, घेतल्या, प्रत्येकी चारशे डॉलरच्या थोड्या वर. जोडीला थोड्या मोटारसायकली आणि मोजक्या बंद टपाच्या गाड्या. मॉडेल ए म्हणजे चार सिलिंडर, ३.३ लिटरचं इंजिन, ४० अश्वशक्ती, फार ताणली तर ताशी ६५ मैल. पेट्रोलची टाकी चालकाच्या गुडघ्यांसमोर, डॅशबोर्डच्या पलीकडे. पेट्रोल पंप नाही, गुरुत्वाकर्षणानेच पेट्रोल कार्बोरेटरमध्ये उतरायचं. मिझुरीच्या हिवाळ्यात, कापडी टपाच्या त्या उघड्या गाडीत रात्रपाळी करणाऱ्यांचं काय होत असेल, याचा विचार आला की मला आपल्या नाकाबंदीवरच्या शिपायांची आठवण होते.

जाता जाता : रोडस्टरच्या मागच्या बाजूला झाकण उघडून एक बाहेरची बैठक निघायची, तिला ब्रिटिश ‘डिकी’ म्हणत. बैठक कधीच गेली, आपण मात्र गाडीच्या मागच्या सामानाच्या जागेला आजही डिकीच म्हणतो.

फोर्ड व्ही-८ चं एवढं कौतुक का?

कारण १९३२ पर्यंत व्ही-८, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे मांडलेले आठ सिलिंडर असलेलं इंजिन, ही श्रीमंतांची चैन होती. हेन्री फोर्ड यांच्या लोकांनी संपूर्ण ब्लॉक एकाच ओतकामात काढण्याची युक्ती साधली आणि ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं इंजिन साधारण ४६० डॉलरच्या रोडस्टरमध्ये बसवलं. दोन वर्षांत ते ८५ अश्वशक्तीवर गेलं. गाडी हलकी, किंमत साध्या माणसाच्या आवाक्यातली, आणि वेग ताशी ७५-८० मैल. पोलिसांना दुसरं काय हवं होतं?

अडचण एवढीच की चोरांनाही तेच हवं होतं. आणि चोरांना टेंडर काढावं लागत नव्हतं.

मार्च १९३४ मध्ये बँका लुटणारा जॉन डिलिंजर इंडियानातल्या क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून पळाला, तो थेट महिला शेरीफची नवीकोरी फोर्ड व्ही-८ घेऊन. पोलिसांचीच गाडी! ती गाडी त्याने राज्याची सीमा ओलांडून इलिनॉयमध्ये नेली आणि तिथेच फसला. चोरीची मोटार राज्याबाहेर नेणं हा १९१९ च्या कायद्याने केंद्राचा गुन्हा होता. तोपर्यंत त्याच्या दरोड्यांमागे राज्यांचे पोलीस होते, आता केंद्राचे तपास अधिकारी लागले.

क्लाइड बॅरोने हेन्री फोर्ड यांना गाडीची स्तुती करणारं पत्र लिहिल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पत्र आहे, पण ते खरंच त्याने लिहिलं की नाही यावर जाणकारांत वाद आहे. गाडीविषयी मात्र वाद नाही. क्लाइड आणि त्याची साथीदार बॉनी २३ मे १९३४ ला लुइझियानातल्या एका आडरस्त्यावर मारले गेले ते कॅन्ससमधल्या टोपेका शहरातून चोरलेल्या फोर्ड व्ही-८ मध्येच. त्यांचा माग काढणारा, टेक्सास रेंजर्स या राज्याच्या पोलीस दलातून बाहेर पडलेला फ्रँक हेमर हाही व्ही-८ मधूनच फिरत होता. पण शेवटी पाठलाग झालाच नाही. सहा जण झुडपात दबा धरून बसले आणि गाडी यायची वाट पाहिली. सारख्याच इंजिनाच्या दोन गाड्या एकमेकींना पकडू शकत नाहीत, हे हेमरला बरोबर कळलं होतं.

म्हणजे फोर्डच सर्वांत चांगली होती?

पळायला. थांबायला नाही. हेन्री फोर्ड हट्टी माणूस. सळ्यांनी ओढले जाणारे यांत्रिक ब्रेक त्यांनी १९३९ च्या मॉडेलपर्यंत सोडले नाहीत. प्लिमथमध्ये १९२८ पासूनच चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. शिवाय त्या व्ही-८ ची गरम एक्झॉस्ट वाट ब्लॉकमधूनच जायची, त्यामुळे उन्हाळ्यात इंजिन तापायचं. मला स्वतःला गस्तीसाठी निवडायला सांगितली असती तर मी प्लिमथ घेतली असती. पण मला क्लाइड बॅरोला पकडायचं नव्हतं, हेही खरं.

१९३६ मध्ये ब्युइकने मधल्या आकाराच्या गाडीत मोठं, सरळ आठ सिलिंडरचं १२० अश्वशक्तीचं इंजिन बसवून ‘सेंच्युरी’ काढली. शंभर मैलांचा वेग म्हणून सेंच्युरी. हे नाव लक्षात ठेवा, खाली पुन्हा येईल.

रेडिओ नव्हता तेव्हा गस्तीवरच्या पोलिसाला निरोप कसा मिळायचा?

मिळायचा नाही, हे खरं उत्तर. ठरलेल्या वेळी ठरलेल्या पेट्रोल पंपावर, हॉटेलात किंवा दुकानात थांबून तो फोन करायचा. तिकडे बँक लुटून तास उलटलेला असायचा.

माझ्या मते या गाड्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल इंजिनाचा नाही, रेडिओचा आहे. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९१४ च्या सुमारासच आपल्या शिपायांना मोटारीत बसवलं होतं. रस्त्यांवर टांगलेले लाल दिवे चौकीतून लागले की शिपायाने जवळच्या फोनवर जायचं, अशी त्यांची पद्धत. गाडीतच निरोप आणायचे प्रयोगही त्यांच्याकडे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला चालू होते.

खरं काम डेट्रॉइट शहरात झालं. तिथल्या पोलिसांनी १९२२ मध्ये रेडिओ केंद्र सुरू केलं, पण सरकारी परवाना मिळाला तो करमणुकीच्या केंद्राचा. त्यामुळे चोरीच्या गाड्यांच्या नंबरांच्या मधेमधे गाणी वाजवावी लागत! पोलिसांनी गाणी वाजवायची की चोर धरायचे, असं तिथल्या प्रमुखांनी वैतागून विचारलं असेल तर नवल नाही. दुसरी अडचण गाडीची. खड्ड्यांचे हादरे बसले की रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हची कामं बिघडायची, आणि इंजिनातल्या ठिणग्यांची खरखर वेगळीच. शेवटी ७ एप्रिल १९२८ ला नियमित आणि भरवशाची सेवा सुरू झाली.

तीही एकेरी. केंद्र बोलणार, गाडी ऐकणार. ऐकलं की नाही हे सांगायला पोलिसाला पुन्हा फोनच शोधावा लागे. दुहेरी संभाषण न्यू जर्सीतल्या बेयॉन शहराने १९३३ मध्ये आणलं. संपूर्ण राज्यभर एफएम लहरींवर दुहेरी बोलणं सुरू केलं कनेटिकटच्या राज्य पोलिसांनी, १९४० मध्ये. प्राध्यापक डॅनियल नोबल यांनी ती व्यवस्था उभारली. पुढे ते ज्या कंपनीत गेले, तिनेच १९३६ मध्ये पोलिसांसाठी खास गाडीतला रेडिओ काढला होता. तिच्या रेडिओंवर ‘मोटोरोला’ हे नाव असायचं आणि नंतर कंपनीनेही तेच नाव घेतलं.

अँटेनाची गंमत सांगायलाच हवी. तेव्हाच्या गाड्यांचा टप पूर्ण पत्र्याचा नसे, मधोमध कापड असे. त्या कापडाखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी पसरायची, झाली अँटेना. १९३५ नंतर अखंड पोलादी टप आले, गाडी मजबूत झाली आणि रेडिओ बहिरा झाला. मग अँटेना पायरीखाली गेली, पुढे काठीसारखी उभी राहिली. आज जुन्या फोटोत मागच्या मडगार्डवर उंच, वाकलेली काठी दिसली की समजायचं, ही गस्तीची गाडी.

आणि या सगळ्याला वीज? सहा व्होल्टची बॅटरी. व्हॉल्व्हचा रेडिओ, सायरन, दिवा एकदम चालू केले की हेडलाइट पिवळट व्हायचे. म्हणून पोलिसांच्या गाड्यांना मोठे डायनॅमो लावत, आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात लीस-नेव्हिल कंपनीचे अल्टरनेटर, म्हणजे डायनॅमोच्या जागी आलेलं वीज बनवणारं यंत्र, बसवू लागले. साध्या गाड्यांत अल्टरनेटर येण्याच्या कितीतरी आधी.

सायरन आणि लाल दिवा सुरुवातीपासून होते का?

सायरन होते, पण आजच्यासारखे इलेक्ट्रॉनिक नाहीत. आत पंखा फिरायचा आणि हवा कापत तो आवाज चढत जायचा. मोटारसायकलवर तर छोटं चाक मागच्या टायरला टेकवून सायरन फिरवत. म्हणजे चोराच्या मागे लागल्यावर सायरन लावला की वेग थोडा कमी व्हायचा. यावर आणखी काय बोलायचं!

दिवा बराच काळ एकच असे, समोर तोंड केलेला, स्थिर लाल. जोडीला खिडकीच्या खांबातून आत आलेल्या मुठीने फिरवायचा झोताचा दिवा. टपावरचा गोल फिरणारा दिवा १९४८ मध्ये फेडरल साइन अँड सिग्नल कंपनीने आणला. कॅलिफोर्नियाच्या गाड्यांवर समोरचा तो स्थिर लाल दिवा कायद्याने आजही लागतो.

मिशिगनची तऱ्हा वेगळी. तिथला पोलीस मागून येऊन थांबवत नसे, तो शेजारी गाडी आणायचा. म्हणून बॉनेटवर माशाच्या कल्ल्यासारखी उभी पाटी, तिच्यावर ‘थांबा’ अशी अक्षरं. गाड्यांचा निळा रंग आणि ही पाटी तिथे अजून टिकून आहे.

रडार नव्हतं, मग वेग मोजायचे कसा?

मागे लागून. समोरच्या गाडीइतकाच वेग ठेवायचा, अंतर कमी-जास्त होऊ द्यायचं नाही, आणि आपल्या स्पीडोमीटरवरचा आकडा वाचायचा. त्यासाठी तो स्पीडोमीटर अचूक आहे असं प्रमाणपत्र लागे. कोर्टात आरोपीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारायचा, काटा शेवटचा कधी तपासला? रडार १९४७ मध्ये कनेटिकटमधल्या ग्लास्टनबरीत पहिल्यांदा रस्त्यावर लावलं गेलं.

काळा-पांढरा रंगच का?

दुरून ओळखू यावी म्हणून, आणि स्वस्त म्हणून. गाडी कारखान्यातून काळी येते, दारं तेवढी पांढरी करायची. विकताना दारं पुन्हा काळी केली की झालं. कॅलिफोर्नियात तर वाहतुकीवरच्या पोलिसाने पूर्ण गणवेशात असावं आणि त्याची गाडी ठळक, वेगळ्या रंगाची असावी असा कायदाच आहे. झाडामागे लपून दंड गोळा करणाऱ्या पोलिसांविरुद्ध लोकांनी आरडाओरडा केला, त्यातून हे आलं. तिथे ठरावीक अंतर आखून घड्याळ लावून पकडणंही कायद्याने बंद केलं होतं. आपल्याकडे वळणाआड उभ्या असलेल्या मामांना हा नियम लागू झाला तर काय होईल, ते वाचकांनी ठरवावं.

पोलिसांसाठी कारखान्यातून खास गाडी कधी निघू लागली?

१९५० मध्ये फोर्डने पहिल्यांदा ‘पोलीस पॅकेज’ म्हणून रीतसर यादी काढली : स्प्रिंगचे जाड पाटे, मोठे ब्रेक, ताकदीचा डायनॅमो, आणि हवं असेल तर फोर्डच्याच मर्क्युरी गाडीचं ४.२ लिटरचं, ११० अश्वशक्तीचं इंजिन. शेव्हरोले १९५५ मध्ये, डॉज १९५६ मध्ये, प्लिमथ १९५७ मध्ये त्याच वाटेने आले.

पण या काळातली माझी सर्वांत लाडकी गाडी कॅलिफोर्नियाची १९५५ ची ब्युइक सेंच्युरी. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलला हलकी, दोन दारांची, पण मोठ्या इंजिनाची गाडी हवी होती. ब्युइककडे तशी नव्हती. दोन दारांची ‘स्पेशल’ होती, पण तिचं इंजिन लहान. सेंच्युरीत ५.३ लिटरचं, २३६ अश्वशक्तीचं व्ही-८ होतं, पण तसा सांगाडा नव्हता. मग कंपनीने एकीच्या अंगात दुसरीचं काळीज बसवलं आणि अशा फक्त २७० गाड्या बनवल्या, सगळ्या याच दलासाठी. सामान्य गिऱ्हाइकाला त्या मिळाल्याच नाहीत. त्याच वर्षी सुरू झालेल्या एका टीव्ही मालिकेत अशी गाडी झळकली आणि अमेरिकेच्या घराघरांत पोचली.

१९३१ च्या मॉडेल ए च्या चाळीस अश्वशक्तीपासून दोनशे छत्तीसपर्यंत, फक्त चोवीस वर्षांत.

अमेरिकेबाहेर काय होतं?

थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्यानंतर मोटार गस्ती वाढल्या, पण त्यांच्या काळ्या वुल्झली गाड्यांना सायरन नसे, समोर चकचकीत घंटा असे. तिथला पहिला मोटरवे (वेगाचा हायवे), प्रेस्टन शहराला वळसा घालणारा, ५ डिसेंबर १९५८ ला उघडला. नेदरलँड्सच्या पोलिसांनी हायवेसाठी पांढऱ्या, उघड्या पोर्शे घेतल्या. उभं राहून रहदारीला हात दाखवता यावा, हे उघडं असण्यामागचं कारण. पोर्शेची एक लाखावी गाडीही पोलिसांकडेच गेली, डिसेंबर १९६६ मध्ये, जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्गच्या. रोमच्या पोलिसांकडे १९६० च्या दशकात काळी फेरारी २५० जीटीई होती आणि आर्मांदो स्पाताफोरा हा तिचा नामांकित चालक. त्या फेरारीला टेंडर कसं लागलं असेल, हे कोडंच आहे.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, अशा गाड्या होत्या का?

गाड्या होत्या, हायवे पेट्रोलचा तसा थाट नव्हता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, म्हणजे तिकडचे पोलीस फिरवत होते त्याच जातीच्या शेव्हरोले इथेही रस्त्यावर आल्या. स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या प्रीमियरने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या. पोलीस म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर येते ती मात्र जीप, महिंद्रांनी विलिसचे सुटे भाग आणून मुंबईत जोडलेली. आपल्याकडे अमेरिकेसारखा वेगाचा हायवे २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण होईपर्यंत नव्हताच. तोवर जुन्या घाटात खोपोलीच्या चढाला गरम झालेल्या गाड्यांना पाणी पाजणं हीच मोठी गस्त होती.

रॅलीत दिसणारी गाडी खरी पोलिसांची आहे हे कसं ओळखायचं?

बहुतेक वेळा ती नसते. पोलीस गाडी रगडून वापरायचे आणि उरलेली लिलावात काढायचे. ती टॅक्सीवाल्याकडे किंवा शेतकऱ्याकडे जायची आणि तिथेच संपायची. ब्युइकच्या २७० पैकीही फार थोड्या राहिल्या. त्यामुळे साध्या गाडीला रंग आणि दिवा लावून पोलीस बनवण्याचा उद्योग जगभर चालतो. स्वतःच्या हौसेने केलेलं रूप असेल तर हरकत नाही, फक्त विकताना तसं सांगावं.

रंगाकडे बघू नका, रंग कोणीही लावतो. टपाच्या आतलं अस्तर थोडं उचलून दिव्याच्या वायरचं भोक आहे का पाहा. नंतरच्या मालकाने त्यावर पत्र्याचं ठिगळ मारून पुट्टी भरलेली असते. डॅशबोर्डखाली रेडिओच्या कंसाची भोकं, डिकीत जड पेटी बसवल्याच्या खुणा, खांबात झोताच्या दिव्याचं भोक, पाट्यांची एखादी जास्तीची पानं, बॅटरीपासून मागे गेलेली बोटाएवढी जाड वायर. एका रॅलीत एका गाडीला झोताचा दिवा होता आणि आत मूठच नव्हती. मालकाला विचारलं तर हसून म्हणाले, “अहो, तो नुसता चिकटवलाय.” निदान खरं बोलले.

खऱ्या गाड्या कुठे बघायला मिळतील?

कॅलिफोर्नियात नातेवाईक असतील तर सॅक्रामेंटोजवळ, वेस्ट सॅक्रामेंटोला हायवे पेट्रोलच्या अकादमीत त्यांचं संग्रहालय आहे. जाण्याआधी भेटीची वेळ विचारून घ्या, ते प्रशिक्षण केंद्र आहे. रोममध्ये इटलीच्या पोलिसांचं गाड्यांचं संग्रहालय आहे. आणि गोळ्यांनी चाळण झालेली बॉनी-क्लाइडची फोर्ड नेवाडातल्या कॅसिनोंमध्ये अनेक वर्षं मांडलेली आहे. तीही बघावी, पण लहान मुलांना घेऊन नको.

माझ्याकडे जुनी गाडी आहे. तिला पोलिसांचा रंग, दिवा आणि सायरन लावून चालवू का?

परदेशी दलाचा रंग दिलात तर आरसी बुकात रंगबदलाची नोंद करा. पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिला विंटेज नोंदणी मिळते : नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही.

दिव्याचं मात्र विसरा. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेही लाल दिवे उतरले, आपली काय कथा. सायरनही पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशांनाच. प्रदर्शनाच्या मैदानात गाडी उभी असताना दिवा बसवा, रस्त्यावर यायच्या आधी उतरवून डिकीत ठेवा. आणि सायरन वाजवून दाखवायचाच मोह झाला तर इंजिन चालू ठेवून वाजवा. सहा व्होल्टची बॅटरी मिनिटभरात बसते, मग पोलिसांची गाडी लोकांकडून धक्का मारून घरी न्यावी लागते.